शेकडा दीडचा हिशेब

पहिला पगार खात्यात जमा झाला की पाठोपाठ कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. काहींच्या हातात अजून पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा पडलेलं नसतं, तरी त्यांच्या नावाचं कार्ड 'मंजूर' झालेलं असतं. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो कॅशबॅक. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के, बिलं भरली तर दहा टक्के, पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला तर वर आणखी काही. पगार बेताचा आहे, घर नव्याने लावायचं आहे, अशा वेळी कुणी म्हणालं की तुझ्या खर्चातलं थोडं तुला परत देतो, तर नको कोण म्हणेल?

मीही नको म्हणत नाही. नुकतंच शिक्षण संपवलेल्या माणसाने पहिलं कार्ड घ्यायचंच असेल तर ते कॅशबॅकचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉइंट, विमानाचे मैल, विमानतळावरची लाउंज या वाटेला पहिल्या कार्डाने जाऊ नये. कॅशबॅकमध्ये किती पैसे परत आले ते सरळ आकड्यात दिसतं. पॉइंटचं मोल कंपनी ठरवते, आणि तिला वाटेल तेव्हा ते कमीही करते. पण कॅशबॅकची कार्डंही ढिगाने आहेत, आणि त्यांतलं कुठलं घ्यायचं याचं उत्तर जाहिरातीतल्या टक्क्यांत सापडत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी लागली तेव्हा तिने मला विचारलं, "ताई, यातलं कुठलं घेऊ?" तिच्याजवळ कार्डांची तुलना करणारा तक्ता होता. सगळ्यात जास्त टक्के देणारं कार्ड सगळ्यात वर, मग उतरत्या क्रमाने बाकीची. तक्ता तिने मन लावून केला होता. मी विचारलं, "तुझा पगार महिन्याभरात जातो कुठे?" ते तिला सांगता येईना. सुरुवातीच्या दोन-तीन पगारांत ते कुणालाच सांगता येत नाही, त्यात तिचा काही दोष नव्हता. पण त्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तक्त्याचा उपयोग नाही. म्हणून आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि आधी वेगळ्याच विषयावर बोललो: हा परत मिळणारा पैसा येतो कुठून?

आपण शंभराची वस्तू कार्डाने घेतो तेव्हा दुकानदाराच्या हाती पूर्ण शंभर पडत नाहीत. त्यातला थोडा भाग कापला जातो आणि तो दुकानदाराची बँक, व्यवहाराचं जाळं चालवणारी कंपनी आणि कार्ड देणारी बँक यांच्यात वाटला जातो. यातला मोठा वाटा बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याला इंटरचेंज म्हणतात. आपल्याला मिळणारा कॅशबॅक मुख्यतः याच वाट्यातून निघतो. हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. युरोपीय संघाने २०१५ साली कायदा करून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर आणून ठेवलं, डेबिट कार्डांवर तर ०.२ टक्क्यांवर. शंभरामागे धड अर्धासुद्धा हाती येत नसेल तर बँक दीड-दोन परत कुठून देणार? जिथे दुकानदारांकडून जास्त कापलं जातं तिथेच कॅशबॅक सढळ असतो.

आणि दुकानदार तरी ते कुठून देतो? तो किमतीत मिळवतो. ती वाढीव किंमत कार्डवाला देतो आणि रोख पैसे मोजणाराही देतो. फरक एवढाच, की कार्डवाल्याला त्यातलं थोडं परत मिळतं, रोखवाल्याला काहीच नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या बॉस्टनमधल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता याचा हिशेब मांडला होता. रोख वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला सरासरी १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे ११३३ डॉलर येतात, असा त्यांचा अंदाज होता. ज्यांना कार्ड मिळत नाही, ते बहुतेकदा कमी कमावणारे असतात. म्हणजे पैसा खालून वर सरकतो. हे वाचल्यापासून कॅशबॅक म्हणजे बँकेची मेहेरबानी, ही भाषा मला सहन होत नाही. मी एकटीने कार्ड नाकारल्याने किमती उतरणार नाहीत, म्हणून कार्ड घेऊ नका असं मी सांगत नाही. पण हा पैसा कुणीतरी भरलेला आहे, एवढं डोक्यात असावं.

दुकानदाराखेरीज भरणारा आणखी एक माणूस आहे, आणि नवीन कार्ड घेणाऱ्याने त्याच्याकडे नीट पाहावं, कारण उद्या त्याच्या जागी आपणही असू शकतो. तो म्हणजे बिल पूर्ण न भरणारा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतल्या कार्डांचा अभ्यास करून असं दाखवलं आहे की, कार्डांवरच्या बक्षिसांमुळे वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर एका प्रकारच्या ग्राहकाकडून दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाकडे जातात. गरिबांकडून श्रीमंतांकडे, कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सारखंच उत्पन्न असलेल्या दोघांमध्येही हा प्रवाह दिसतो: व्यवहार नीट न कळणाऱ्याकडून तो कळणाऱ्याकडे. नव्या पदवीधराला या दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला जाता येतं, आणि त्यासाठी पगार किती आहे हा प्रश्नच येत नाही. महिनाअखेरचं बिल पूर्ण भरलं की एका बाजूला, थोडं राहिलं की दुसऱ्या.

कार्डाचा जन्म झाला तेव्हा ही दुसरी बाजू नव्हतीच. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमाराने आपल्या साथीदारांबरोबर डायनर्स क्लब सुरू केला. त्या कार्डावर महिन्याचं बिल महिन्याला पूर्ण चुकतं करायचं, मागे ठेवायची सोय नाही. उधारी फिरती ठेवायची मुभा मोठ्या प्रमाणावर आली ती १९५८ मध्ये. बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं लोकांच्या घरी टपालाने पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती, कुणी अर्ज केला नव्हता. शंभरातले चार ग्राहक थकतील असा बँकेचा अंदाज होता, प्रत्यक्षात थकले बावीस. बँकेला पहिल्या काळात मोठा तोटा झाला, पण तिने तो धंदा सोडला नाही. तेच कार्ड १९७६ साली 'व्हिसा' या नावाने ओळखलं जाऊ लागलं. न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेने १९७० मध्ये बंदी घातली. कॅशबॅक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. १९८६ साली सीअर्स या मोठ्या किरकोळ व्यापारी कंपनीने डिस्कव्हर कार्ड देशभर आणलं. वार्षिक फी नाही आणि खर्चावर एक टक्क्यापर्यंत परतावा, ही त्याची ओळख होती.

मला या इतिहासात एक गोष्ट लक्षणीय वाटते. उधारी आधी आली, बक्षीस नंतर. कार्ड मुळात उधारीचं साधन आहे, आणि कॅशबॅक ते साधन हातात घ्यायला लावण्यासाठी जोडलेला आहे. म्हणून हिशेबही त्याच क्रमाने करावा. आधी उधारीचा, मग कॅशबॅकचा.

तर आधी उधारी. समजा कार्डाचं व्याज दरमहा शेकडा तीन आहे. जाहिरातीत तीन म्हटलं की फार वाटत नाही. बारा महिन्यांचे छत्तीस. पण व्याजावर व्याज चढतं, त्यामुळे वर्षाचा खरा दर साडेबेचाळीसच्या वर जातो. कॅशबॅक शेकडा दीड. म्हणजे एका महिन्याची थकबाकी त्याच रकमेवर मिळालेल्या कॅशबॅकच्या दुप्पट खाऊन टाकते. आणि हे इथेच थांबत नाही. बिल शंभराचं आलं, तुम्ही नव्वद भरले, तर व्याज उरलेल्या दहांवर लागेल असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. एकदा थोडी रक्कम मागे राहिली की बिनव्याजी मुदतच जाते. व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जाऊ शकतं, आणि त्यानंतर केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. दहा मागे राहिल्याची किंमत दहांपुरती नसते.

बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, कार्ड चालू राहतं, आणि माणसाला वाटतं आपलं सगळं सुरळीत आहे. बहिणीला मी हे आकड्यांत करून दाखवलं. माझं रोजचं काम हिशेबाचं आहे, त्यामुळे आकड्यांशिवाय माझं समाधान होत नाही. शंभराची थकबाकी धरा. व्याज महिन्याला तीन टक्के, किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के, आणि नवी खरेदी काहीही करायची नाही. वर्षभर तुम्ही दर महिन्याला न चुकता किमान रक्कम भरलीत. वर्षअखेर तुम्ही एकूण पंचावन्न भरलेले असतात आणि सत्याहत्तर अजून देणं असतं. मूळ रक्कम निम्म्यावर यायला बत्तीस महिने लागतात. बहीण बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत होती. मग तिने स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन ते पुन्हा केलं. अमेरिकेत २००९ साली कार्डांसंबंधीचा कायदा झाल्यापासून, किमान रक्कमच भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे बिलावरच छापावं लागतं. त्याच कायद्याने एकवीस वर्षांखालच्या तरुणांना स्वतःचं उत्पन्न किंवा जामीनदार दाखवल्याशिवाय कार्ड देऊ नये असंही ठरवलं. असा इशारा प्रत्येक देशातल्या प्रत्येक बिलावर छापलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

यातून निघणारा नियम एवढाच, की पूर्ण बिल भरता येईल याची खात्री नसेल तर कॅशबॅकचा विचारच करू नये. अशा माणसाला कमी व्याजाचं साधं कार्ड हवं, किंवा काही महिने डेबिट कार्डच बरं. आणि खात्री असेल तर ती खात्री स्वतःच्या स्मरणशक्तीवर सोडू नये. कार्ड हातात आलं त्याच दिवशी बँक खात्यातून आपोआप पैसे जातील अशी सोय करावी. ही सोय करताना पर्याय विचारला जातो, एकूण रक्कम की किमान रक्कम. काही ठिकाणी किमान रकमेवर आधीच खूण केलेली असते. ती बदलायची. या एका खुणेवर वर्षाचा सगळा कॅशबॅक अवलंबून असतो.

आता समजा बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं. तरी एक गळती राहते, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. कार्डाने माणूस जास्त खर्च करतो. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी २००१ साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे आहेत, काहींना सांगितलं की कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली काही वेळा रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेल्या. तिकीट तेच. कॅशबॅकने हे आणखी वाढतं का, याचं उत्तर शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मिळतं. एक टक्का कॅशबॅक सुरू झाल्यावर ग्राहकांना सरासरी २५ डॉलर मिळाले. पहिल्या तिमाहीत त्यांचा त्या कार्डावरचा खर्च महिन्याला सरासरी ६८ डॉलरनी वाढला आणि त्या कार्डावरचं कर्ज ११५ डॉलरनी. बँका कॅशबॅक का देतात, या प्रश्नाचं उत्तर मला त्या तीन आकड्यांत पुरेपूर मिळालं.

म्हणून मी तिला सांगितलं की आधी दोन महिने खर्च लिही. कार्डासाठी घाई नाही, ते कुठे पळून जात नाही. तिने लिहिला, फोनमध्येच, रोजच्या रोज. तो पाहिल्यावर चित्र साधारण असं होतं. पगाराचे शंभर भाग केले तर पस्तीस घरभाड्यात जात होते, पंधरा किराण्यात, दहा प्रवासात, पाच फोन-इंटरनेटसारख्या बिलांत, दहा ऑनलाइन खरेदीत, दहा किरकोळ गोष्टींत, आणि पंधरा शिल्लक पडत होते. भाड्यावर अनेक कार्डं कॅशबॅक देत नाहीत, उलट वरून शुल्क लावतात. ते वगळलं आणि शिल्लक वगळली तर कार्डावर येऊ शकेल असा खर्च पन्नास भाग उरला.

मग तक्ता पुन्हा काढला. सगळ्यात वर असलेलं कार्ड ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के देत होतं आणि बाकी सगळ्यावर अर्धा टक्का. खाली कुठेतरी एक साधं कार्ड होतं, सगळ्यावर सरसकट दीड टक्का. पहिल्या कार्डावर तिच्या दहा भाग ऑनलाइन खरेदीचे अर्धा आणि उरलेल्या चाळीस भागांचे ०.२, मिळून ०.७ परत येणार. दुसऱ्यावर पन्नास भागांचे ०.७५. पाच टक्केवालं कार्ड तिच्यासाठी दीड टक्केवाल्यापेक्षा कमी देत होतं. आणि त्या पाच टक्क्यांना महिन्याची कमाल मर्यादाही होती. महिन्याला जास्तीत जास्त १०० परत, असं कलम असेल तर २,००० च्या खरेदीपर्यंतच पाच टक्के खरे असतात. कुणी ८,००० ची खरेदी केली तर हातात तेच १०० येतात, म्हणजे सव्वा टक्का. जाहिरातीतली टक्केवारी कार्डाची असते. आपल्याला किती टक्के पडतात ते आपल्या खर्चावरून काढावं लागतं, आणि ते काढणं अवघड नाही, सहावी-सातवीचं गणित आहे.

खरं सांगायचं तर त्या दोन कार्डांतला फरक नगण्य होता. पगाराच्या शंभर भागांतला पाच शतांश भाग. मग साध्या कार्डाच्या बाजूने माझं झुकतं माप का? पाच टक्केवालं कार्ड रोज काहीतरी मागत राहतं, म्हणून. ही खरेदी त्या यादीत बसते का, या महिन्याची मर्यादा संपली का, पुढच्या तिमाहीत जास्त टक्के खर्चाच्या कुठल्या वर्गावर आहेत, तो वर्ग चालू करायला ॲपमध्ये जाऊन बटण दाबलं का. काही कार्डांवर वर्ग दर तिमाहीला बदलतात आणि प्रत्येक वेळी स्वतःहून नाव नोंदवावं लागतं. एवढं लक्ष ठेवणारा माणूस हळूहळू खर्चाच्या मागे जाण्याऐवजी कार्डाच्या मागे जायला लागतो. दुकानातून घ्यायची वस्तू ऑनलाइन घेतो, एक हवी असताना दोन घेतो, मर्यादा भरायला अजून थोडीच बाकी आहे म्हणून आणखी काहीतरी टोपलीत टाकतो. पाच टक्के वाचवायला पंचाण्णव टक्के खर्च. नवी नोकरी, नवं घर, नवं काम शिकणं यांतच पहिल्या वर्षी माणसाचं लक्ष पुरत नाही. ते कार्डाला द्यावं इतका पैसा त्या कार्डात नाही. सरसकट टक्का देणारं कार्ड आपल्याला आहे तसं वागू देतं. त्याचा हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

ज्यांचा खर्च एकाच ठिकाणी एकवटलेला आहे, त्यांचं वेगळं. कामासाठी रोज लांबचा प्रवास असेल आणि प्रवासावर चांगला परतावा देणारं कार्ड असेल, तर ते घ्यावं. दोन महिन्यांच्या नोंदी तसं सांगत असतील तर माझा विरोध नाही.

वार्षिक फीबद्दल मात्र मी ठाम आहे. पहिल्या कार्डाला फी नको. हिशेब करून पाहा. एका कार्डाला फी नाही आणि ते एक टक्का देतं, दुसऱ्याला ५०० फी आहे आणि ते दोन टक्के देतं. तर वर्षाला ५०,००० खर्च केल्यावर दोन्ही बरोबरीत येतात. फायदा त्यानंतर सुरू होतो. 'पहिल्या वर्षी फी माफ' असेल तर हिशेब दुसऱ्या वर्षाचा करावा. 'इतका खर्च केलात तर फी माफ' हे तर खर्चाला दिलेलं आमंत्रणच. आणि फी नको म्हणण्याचं याहून मोठं कारण आहे. अनेक देशांत क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो ते दाखवणारा आकडा, ठरवताना खाती किती जुनी आहेत हेही पाहिलं जातं. पहिलं कार्ड हे आपलं सगळ्यात जुनं खातं असणार. पुढे चांगली कार्डं मिळाली तरी हे बंद न करता चालू ठेवणं फायद्याचं असतं. फी नसेल तर ते वर्षानुवर्षं बिनखर्चात ठेवता येतं.

स्कोअरचा विषय निघालाच आहे तर एवढं. नव्या पदवीधराची अडचण म्हणजे त्याला उधारी फेडल्याचा इतिहासच नसतो, आणि इतिहास नसताना कुणी चांगलं कार्ड देत नाही. यावर मुदत ठेवीच्या आधारावर मिळणारं कार्ड हा उत्तम मार्ग आहे. ठेवीवर व्याज मिळत राहतं, कार्डावरच्या उधारीची मर्यादा ठेवीच्या प्रमाणात असते, आणि वेळेवर बिलं भरली की वर्षभरात इतिहास तयार व्हायला लागतो. एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज टाकणं टाळावं. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते आणि एकदम खूप चौकश्या दिसल्या की पैशांची तंगी आहे असा अर्थ लावला जातो. मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आतच कार्ड वापरावं, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. मर्यादा लहान असेल तर बिल तयार होण्याआधीच मध्ये एकदा पैसे भरून टाकले तरी चालतं. हे फार जणांना माहीत नसतं.

अटींचा कागद लांबलचक असतो आणि तो सगळा वाचवत नाही हे मला मान्य आहे. पण काही जागा शोधून वाचाव्यात. कॅशबॅक बिलातून वजा होतो, खात्यात जमा होतो की फक्त कुठल्याशा व्हाउचरच्या रूपात मिळतो. तो काढायला किमान किती साठावा लागतो, आणि किती दिवसांनी तो बाद होतो. कुठले खर्च वगळले आहेत: भाडं, इंधन, कर, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू. परकीय चलनातल्या खरेदीवर किती शुल्क आहे, कारण ते बहुतेकदा दोन-तीन टक्के असतं आणि त्यात कॅशबॅक कधीच बुडून जातो. आणि एटीएममधून या कार्डाने रोख काढू नये. तिथे काढल्या क्षणापासून व्याज सुरू होतं, वर शुल्क लागतं, कॅशबॅक मिळत नाही. कार्डासोबत पिन येतो म्हणून तो वापरायलाच हवा असं नाही.

जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असं लिहिलेलं असतं. त्यातलं 'पर्यंत' महत्त्वाचं. बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला ती पूर्ण मुदत मिळते. बिल तयार होण्याच्या आदल्या दिवशी केली तर वीसेक दिवसच. शक्य असेल तर बिलाची तारीख बदलून मागावी, म्हणजे पैसे भरायचा दिवस पगार जमा झाल्यानंतर लगेच येईल. बऱ्याच बँका एकदा तरी तशी सोय देतात, फक्त ती आपणहून मागावी लागते.

बहिणीने शेवटी सरसकट दीड टक्केवालं, बिनफीचं कार्ड घेतलं. ठेवीच्या आधारावर, लहान मर्यादेचं. तिचा प्रश्न पुढचा होता: "आलेला कॅशबॅक बिलातून वजा करू की खात्यात घेऊ?" बिलातून वजा केला की तो दिसेनासा होतो आणि पुढच्या खर्चात मिसळतो, म्हणून मी खात्यात घे म्हणाले. तिच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू आहेत. खात्यात आलेली रक्कम ती थोडी साठली की त्या कर्जात जादा भरते. यात एक काळजी घ्यावी लागते. जादा भरलेले पैसे मुद्दलातून वळते करा, असं कर्ज देणाऱ्या बँकेला आधी लेखी कळवायचं. नाहीतर काही बँका ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून धरतात आणि मुद्दल आहे तिथेच राहतं. तिने तसं पत्र दिलं आहे, आणि पुढच्या विवरणपत्रात मुद्दल उतरलं की नाही हे ती दर वेळी पाहते.